दादाच्या चपला

दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका मोठ्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी आहे. परवा आली तेव्हा गळ्यातलं कार्ड काढून मला दाखवत होती. फाटकापाशी ते यंत्राला लावायचं, की टुंग वाजतं आणि आत किती माणसं आहेत ते पडद्यावर दिसतं.

"आत्या, तुमच्या वेळी कसं गं कळायचं, कोण आत आहे नि कोण बाहेर?"

"चपलांवरून," मी म्हटलं.

तिला वाटलं, आत्याची थट्टा सुरू झाली. थट्टा मी करते, नाही असं नाही. पण हे खरंच होतं. ती तेव्हा जन्मलीही नव्हती आणि आज तिला हे सांगायला दादा नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं.

ज्या इमारतीची ही गोष्ट, तिथे आता कॉलेज भरतं. ती उभी राहत होती तेव्हा मी तिथल्या स्टोअरवर होते. स्टोअर म्हणजे फाटकाला लागून पत्र्याची एक लांबट खोली. सिमेंटच्या गोण्या, बांधायची तार, खिळ्यांचे डबे, फावडी, घमेली, दोरखंड, आणि या सगळ्याची राखणदार मी. ऊन चढलं की पत्रा असा तापायचा की आतला माणूस शिजून निघावा. तरी मला ती खोली आवडायची. सिमेंट, तेल आणि ओलं लाकूड यांचा मिळून एक वास तिथे असायचा. अजूनही रस्त्यात कुठे बांधकाम चालू असलं आणि तो वास आला की माझे पाय आपोआप थांबतात. भाची हात धरून ओढते तेव्हा पुढे निघते.

नोकरी लावली होती दादाने. तो तिथे गवंडी होता, गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आई-वडील लवकर गेले आणि मला दादानेच वाढवलं. वेण्या घालायला शिकला तो माझ्यासाठी. एक वेणी पूर्वेला जायची, एक पश्चिमेला, पण घालायचा. पुढे वहिनी घरात आली तेव्हा तिने पहिलं काम केलं ते माझ्या वेण्या सरळ करायचं.

तर बांधकाम. तेव्हा सगळे चपला घालूनच वर जायचे, काही तर अनवाणीच. स्लॅबखालच्या फळ्या काढून टाकलेल्या असायच्या आणि त्यांतले खिळे वर तोंड करून बसलेले. रोज कोणी ना कोणी पाय धरून लंगडत खाली यायचं. मी औषध लावून पट्टी बांधायचे. वर त्या माणसाचा जोडीदार हात बांधून बसायचा. गवंडी आहे तर हाताखाली माणूस नाही, माणूस आहे तर गवंडी नाही. मुकादम सकाळी मजल्यामजल्यावर बोंबलत फिरायचा, "अरे, कोण आलंय, कोण नाही आलंय, तोंड तरी दाखवा!" जोड्या जुळवेपर्यंत उन्हं वर यायची. काम मागे पडलं की मग सगळ्यांची घाई, आणि घाईत आणखी कोणाचा तरी पाय.

मग तो नवा इंजिनियर आला. काटकुळा, चष्मेवाला, बोलायला मऊ. आल्या आल्या त्याने काय मागवलं असेल तर बूट. जाड तळव्याचे, पुढे लोखंडी वाटी बसवलेले. दोन दिवसांत लोक त्याचं नाव विसरले आणि त्याला बूटसाहेब म्हणायला लागले. तोंडावरसुद्धा. तो हसायचा.

बूट आले तसे जायलाही लागले. कोणाच्या मेहुण्याच्या पायात, कोणाच्या सासऱ्याच्या पायात. बूटसाहेब डोक्याला हात लावून स्टोअरमध्ये बसला. मी म्हटलं, "साहेब, सकाळी बूट देताना ज्याची त्याची चप्पल ठेवून घेऊ. चप्पल सोडून कोण घरी जाईल? आणि ते बूट पायात घालून तर मुळीच जाणार नाही, काम सुटलं की लोक आधी ते काढून फेकतात."

"बाई, स्टोअर चालवायचंय की चपलांचं दुकान?" मुकादम म्हणाला. पण बूटसाहेबाला पटलं.

सुताराने टाकाऊ फळ्यांची एक मोठी मांडणी करून दिली, भिंतभर, कप्प्याकप्प्यांची. ज्याने त्याने आपापल्या कप्प्यावर रंगाने खूण काढली. दादाने थापी काढली होती, आणि रंगाऱ्याने, त्याच्याजवळ सगळे रंग असताना, नुसता एक ठिपका. महिन्याभरात मला माणसांपेक्षा त्यांच्या चपला जास्त ओळखीच्या झाल्या. क्रेनवाल्याच्या नेहमी पुसलेल्या, आरशात बघून आल्यासारख्या. मुकादमाच्या टाचा चेपलेल्या, कारण त्याला पाय पूर्ण आत घालायलाही वेळ नसायचा. विटा वाहणारं एक नवं जोडपं होतं. ती दोघं हट्टाने एकाच कप्प्यात चपला ठेवायची, तिच्या वर आणि त्याच्या खाली. मी काही बोलले नाही. नव्या लग्नात हे चालायचंच.

आणि गंमत अशी की चोरी थांबावी म्हणून केलेली ती मांडणी भलत्याच कामाला आली. मुकादमाचं बोंबलणं बंद झालं. तो सकाळी मांडणीसमोर उभा राहायचा, कोणाच्या चपला आल्यात ते बघायचा आणि तिथल्या तिथे जोड्या लावून माणसं वर पाठवायचा. पायात खिळे जाणं थांबलं, त्यामुळे आलेला माणूस दिवसभर टिकायचा. मागे पडलेलं काम हळूहळू वेळेवर आलं.

एकदा काम सुटल्यावर मुकादम दिवे घालवायला निघाला तर एक जोडी मांडणीवर तशीच. फरशीवाल्याची. शोधलं तर तो सगळ्यात वरच्या मजल्यावर पाय पसरून घोरत होता. लोक हसले, पण बूटसाहेब हसला नाही. त्याने नियमच केला. मांडणी रिकामी झाल्याशिवाय दिवा बंद करायचा नाही, फाटकाला कुलूप लावायचं नाही.

बूट कोणी मोजायचं नाही. ते जाताना एका मोठ्या पिंपात टाकायचे, मी सकाळी धुऊनपुसून काढायचे. माणूस मोजायचा तो चपलांनी.

आता दादाकडे येते. दादाला बूट घालायचे नव्हते.

"माझ्या पायाला डोळे आहेत," तो म्हणायचा. परांचीवर उभं राहायचं तर पायाला फळी कळली पाहिजे, बुटात पाय आंधळा होतो, असं त्याचं म्हणणं. काही दिवस तो माझी नजर चुकवून, कधी मागच्या बाजूने, चपला घालूनच वर गेला. दादा घालत नाही म्हटल्यावर त्याच्या टोळीतले दुसरेही कुरकुरायला लागले. बूटसाहेब मला काही बोलला नाही, पण स्टोअरपाशी येऊन उगाच खिळ्यांचे डबे हलवून गेला. मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला, मागे सगळी टोळी.

"दादा, चपला दे."

"मला नकोत तुझे बूट."

"मग वर जाता येणार नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, हे मला त्याच्या कानांवरून दिसलं. रागावला की त्याचे कान लाल व्हायचे.

"कोणाला सांगतेयस? मला?"

"वर जाणाऱ्या सगळ्यांना."

"बाजूला हो."

"नाही होणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पायातली वहाण पायातच बरी. डोक्यावर चढवली, माझंच चुकलं."

त्याने चपला काढल्या, माझ्यासमोरच्या फळीवर आपटल्या, बूट चढवले आणि गेला. टोळीही गपगुमान बूट घालून गेली.

ज्याने मला घास भरवले तो मला वहाण म्हणाला. सिमेंटच्या गोण्यांमागे जाऊन मी पोटभर रडले. पण एक सांगते, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच आला असता तर मी पुन्हा अडवलं असतं. आजही अडवेन.

त्या दिवसापासून दादाचं माझ्याशी बोलणं बंद झालं.

एका घरात राहून न बोलणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी समोर बसलेली असताना तो वहिनीला सांगायचा, "तिला म्हणावं, दार लावून घे." कामावरही तेच. फळीपलीकडे मी, अलीकडे तो, आणि मध्ये मुकादम. "स्टोअरमध्ये कोणी असेल तर त्यांना सांगा, थापीचा दांडा निसटलाय." मुकादम वैतागून म्हणायचा, "मी काय पोस्टमन आहे? ती बघ, तुझ्या नाकासमोर उभी आहे." दादाचं नाक मात्र मजबूत होतं. सकाळी चपला ठेवायचा, बूट उचलायचा, तोंडातून शब्द नाही. काम सुटल्यावर तर माझी पाठ वळायची वाट बघायचा आणि मी दुसऱ्या कोणाशी बोलत असताना गुपचूप चपला घेऊन जायचा. पूर्वी आम्ही दोघं बरोबर घरी जायचो, वाटेत त्याच्या दिवसभराच्या गप्पा ऐकत. आता तो पुढे गेलेला असायचा आणि मी मागून एकटी.

पूर्वी त्याचा डबाही मीच आणायचे. आता माझ्या हातचा डबा नको, म्हणून वहिनीला भर दुपारी उन्हातून यावं लागायचं.

"वन्सं, तुम्हा दोघांच्या जात्यात माझं पीठ होतंय हो," ती घाम पुसत म्हणायची. "तुम्हीच एकदा माफी मागून टाका ना."

"कशाबद्दल? त्याचा पाय वाचवला त्याबद्दल?"

"बघा, बहीण शोभता अगदी."

मला माफी मागायची नव्हती, आणि त्याने मागावी असंही वाटत नव्हतं. त्याने माझ्याशी बोलावं, एवढंच हवं होतं. मग अगदी शिव्या का देईना. रोज सकाळी तो चपला फळीवर ठेवायचा तेव्हा मला वाटायचं, आज बोलेल. चपलांचे हाल तर बघवत नव्हते. एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्याने तो आमच्याच सळया बांधायच्या तारेने जोडला होता. तार वर आली होती, टोचत असणार. वहिनीने हजारदा सांगितलं की चांभाराकडे टाका. तर म्हणायचा, "बूट चावतात, चप्पल टोचते. हातांवर चालू का आता?"

इमारत संपत आली होती. तळघराखाली पाण्याची मोठी टाकी होती. तिला आतून ओल रोखणारा काळा रंग दिला होता, त्याचा उग्र दर्प तळघरात उतरलं तरी नाकात जायचा. त्या दिवशी दुपारी सिमेंटची गाडी आली, म्हणून मी मागच्या बाजूला गोण्या उतरवून घेत होते. वहिनी डबा देऊन गेली तेव्हा माझी आणि तिची भेटही झाली नाही.

काम सुटलं. घंटा झाली, लोक धाडधाड खाली आले, पिंपात बूट पडले, चपला उचलल्या गेल्या, नेहमीची ती झुंबड. झुंबड ओसरली तेव्हा मी मांडणीवरून नजर फिरवली. सगळे कप्पे रिकामे. थापी काढलेला कप्पाही रिकामा. म्हणजे आजही मला चुकवून गेला, मी मनात म्हटलं. नेहमीसारखं वाईट वाटलं, नेहमीसारखंच गिळलं.

दादाचा जोडीदार गवंडी फाटकापाशी रेंगाळत होता. "दादा गेले?"

"गेला की. चपला नाहीत."

"पळाले वाटतं आज लवकर," असं म्हणून तोही गेला.

मुकादमाने माल चढवायची लिफ्ट बंद केली, एकेक मजल्याचे दिवे घालवले. बूटसाहेब कागद गुंडाळून सायकलकडे निघाला. मी स्टोअरला कुलूप घालत होते, तेवढ्यात वहिनी आली. धापा टाकत, चेहऱ्यावर हसू आणि एक हात पाठीमागे.

"वन्सं, मला उशीर झाला का हो? त्या चांभाराकडे ही गर्दी! तुमच्या दादांना सांगू नका हं. गुपचूप ठेवून देते, खाली आले की बघू दे काय म्हणतात."

तिने हात पुढे केला. हातात दादाच्या चपला होत्या. नवा अंगठा, नवी शिवण, वर तेल लावून चमकवलेल्या. दुपारी डबा द्यायला आली तेव्हा तिने त्या कप्प्यातून उचलल्या होत्या, डब्याच्या फडक्यात गुंडाळून.

मी त्या चपलांकडे बघत राहिले.

"वहिनी, दादा घरी आलाय?"

"घरी? अजून कुठे... हे आत नाहीत का?"

मी घंटेची दोरी धरली आणि ओढत सुटले. इतक्या जोराने की नंतर कितीतरी दिवस खांदा दुखत होता. बूटसाहेब सायकल टाकून धावला. मुकादम आला. निम्म्या रस्त्यात गेलेली माणसं घंटा ऐकून परत फिरली, त्यांत तो जोडीदार गवंडीही होता.

"शेवटी कुठे होता दादा?" मी त्याचा हातच धरला.

"टाकीत. पाइपाभोवतीचा कोपरा फुगलाय, तेवढा नीट करतो म्हणाले. आम्हाला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. मला वाटलं..." त्याने मांडणीकडे बघितलं. आम्हा सगळ्यांना तेच वाटलं होतं.

आम्ही तळघरात धावलो. टाकीचं तोंड उघडं होतं, शिडी आत सोडलेली. मुकादमाने बॅटरी मारली. तळाशी दादा पडला होता, कुशीवर, एक हात शिडीच्या खालच्या पायरीपाशी. पायात बूट.

"दादा!" मी हाक मारली. उत्तर नाही. मग फार हळू, कण्हल्यासारखा आवाज आला.

मी शिडीवर पाय ठेवला. तेवढ्यात माझा दंड कोणीतरी धरला आणि मला मागे खेचलं. बूटसाहेब.

"कोणीही आत उतरायचं नाही."

"साहेब, सोडा मला. माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच. आत हवा नाही, रंगाची वाफ आहे. तुम्ही उतराल आणि त्याच्या शेजारी पडाल. मग मुकादम उतरेल आणि तुमच्या शेजारी पडेल." आणि मग त्या मऊ माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला असेल. "मुकादम, कॉम्प्रेसर चालू करा! नळी इकडे आणा! दोर आणा, दोन!"

वहिनी ओरडली, "ते मरतील तिथे! तुमचे नियम गेले चुलीत! वन्सं, तुम्ही तरी सांगा ना!"

बूटसाहेब शिडीच्या तोंडाशी आडवा उभा होता. काटकुळा माणूस, मी ढकललं असतं तर पडला असता. खरं सांगते, माझे हात उठले होते. माझं डोकं सांगत होतं की हा बरोबर बोलतोय आणि बाकी सगळं अंग म्हणत होतं, ढकल याला. मी हात खाली घेतले. वहिनीला कंबरेत धरलं आणि मागे ओढलं. ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. मी मारू दिल्या.

कॉम्प्रेसर धडधडायला लागला. नळी आत सोडली. हवा सुसाट आत जात होती आणि तो काळा दर्प उलटून आमच्या तोंडावर येत होता. किती वेळ गेला ते मला विचारू नका. मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर कोणाला विचारायची हिंमत झाली नाही. प्रत्येक क्षणी वाटत होतं, आत्ता उतरले असते तर आत्तापर्यंत बाहेर काढला असता. कण्हणंही थांबलं होतं. कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू येत नाही, की खरंच थांबलं, हेही कळत नव्हतं.

मग बूटसाहेबाने स्वतःच्या छातीभोवती दोर बांधला. मुकादम म्हणाला, "साहेब, तुम्ही नको, मी..." बूटसाहेब म्हणाला, "तुम्ही दोर धरा. मी दोनदा हिसका दिला की ओढा. नाही दिला तरी ओढा." आणि नळीच्या तोंडाशी तोंड धरून तो उतरला.

त्याने दुसरा दोर दादाच्या काखेतून घातला. हिसका आला. पाच-सहा गड्यांनी ओढलं. आधी दादाचं डोकं वर आलं, मग खांदे, मग सगळा दादा. आम्ही त्याला उचलून तळघराबाहेर मोकळ्या हवेत नेलं. वहिनी त्याचं तोंड पुसत होती, मी पाय चोळत होते. बूट काढले तेव्हा त्याचे पाय गार लागले. मग तो खोकला. वाईट, लांबलचक, पोटातून येणारा खोकला. त्याच्याइतकं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

इस्पितळात नेला त्याला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर आत राहिला असता तर सकाळी उचलायलाच गेला असतात. वहिनी हे ऐकून भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून म्हणू लागली, "मी घेतल्या चपला. मीच घेतल्या." मी तिला म्हटलं, तूच परत आणल्यास. पण ती ऐकण्याच्या पलीकडे होती. प्रेमाने केलेल्या गोष्टीने माणूस मरायची पाळी आली, हे पचायला तिला फार दिवस लागले. त्यानंतर बूटसाहेबाने दोन नियम वाढवले. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही, मग ती नवऱ्याची का असेना. आणि टाकीत एकट्याने उतरायचं नाही, वर तोंडाशी एक माणूस कायम पाहिजे. भाची म्हणते, हे नियम आता छापील असतात, कोणीतरी परदेशात बसून लिहिलेले. असतील. आमचे नियम कसे झाले ते मी पाहिलंय.

सकाळी मला आत सोडलं. दादा उताणा पडला होता, ओठ सुकलेले. वहिनी उशाशी बसली होती. मी दारात थांबले. दादाने मला बघितलं आणि वहिनीला म्हणाला, "स्टोअरमधून कोणी आलंय वाटतं."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते असं.

वहिनी ताडकन उठली. "पुरे झालं! मी चालले चहा प्यायला. बोलायचं असेल तर तुम्ही दोघं बोला, नाहीतर एकमेकांची तोंडं बघत बसा." आणि खरंच गेली.

आम्ही तोंडं बघत राहिलो. मग दादाने छताकडे बघत विचारलं, "मुकादम सांगत होता, तू उतरायला निघाली होतीस."

"हो."

"आणि साहेबाने अडवलं."

"हो."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

"कसं वाटलं?"

"त्याचा जीव घ्यावासा वाटला."

दादा हसला, मग खोकला. पाणी दिलं ते माझ्या हातून प्यायला. मग म्हणाला, "बूट नव्हते गं खुपले मला. तू मला परक्यासारखं अडवलंस, ते खुपलं."

"परका असतास तर एकदा सांगून सोडून दिलं असतं," मी म्हटलं. "परक्यासाठी कोण एवढं वाईट होतं?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी दोन्हीकडून कानांकडे ओघळलं. त्याला पुसावंसं वाटलं नाही आणि मलाही.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू ऐकत होतास?"

"नव्हतो," दादा म्हणाला. मग त्याने पाय सरकवून पलंगावर जागा केली. "बस. उभी काय राहिलीस?"

मी बसले, आणि दादा बोलायला लागला. मधल्या सगळ्या दिवसांचं साठलेलं. मुकादमाच्या नकला, त्या नव्या जोडप्याचं परांचीवरचं भांडण, कोणत्या खोलीची कोणती भिंत त्याला मनासारखी जमली आणि कोणती फसली, वहिनी कशी घोरते, आणि मी किती हट्टी आहे. बोलायचा, खोकायचा, पुन्हा बोलायचा. शेवटी नर्स आली आणि माझ्यावरच डाफरली, "अहो, पेशंटला बोलू देऊ नका. गप्प करा त्यांना."

मी म्हटलं, "बाई, तुम्हीच करून बघा. मी नाही आता त्याला अडवणार."